पंगतीला गाव, पहाऱ्याला कोण?



गावात अखंड हरिनाम सप्ताह जवळ आला की घरोघर पत्रिका येते. ती हातात घेऊन एकदा सावकाश वाचावी. वर देवाचे आणि संतांचे चित्र. खाली सात दिवसांचे सात कीर्तनकार, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाच्या नावामागे दोन-तीन बिरुदे. मग काल्याचे कीर्तन, तो फोटो थोडा मोठा. मग अन्नदाते, त्यांचेही फोटो. मग मंडप, स्पीकर, थेट प्रक्षेपण. आणि अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, एक ओळ: ‘पहारेकरी – समस्त ग्रामस्थ व भजनी मंडळ’.

माझे सारे भांडण या एका ओळीशी आहे.

पूर्वी या जागी यादी असे. पत्रिकेत नसली तर देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिलेली, नाहीतर वहीत. रात्री बारा ते एक पाटलांचा धाकटा आणि त्याचा चुलता. एक ते दोन सुताराच्या घरचे दोघे. दोन ते तीन शाळेचे गुरुजी आणि त्यांच्या सोबतीला कोणी नवखा. तीन ते चार अमका, मग काकड्याची मंडळी. नावे होती, तास होते. आता नावे गेली आणि ‘समस्त’ आले. ‘समस्त’ हा शब्द ऐकायला मोठा, पण कामाच्या बाबतीत त्याच्याइतका पोकळ शब्द दुसरा नाही. समस्तांवर सोपवलेले काम कोणावरच सोपवलेले नसते. मग ऐन वेळी मध्यरात्रीचा पहारा करायला माणूस मिळत नाही, म्हणून बाहेरगावची मुले पैसे देऊन आणली जातात. गाव घरी झोपते आणि गावाच्या नावाने भाड्याचे नाम चालते.

सात दिवसांचे तास १६८ होतात. वीणा खाली टेकवायची नाही, नाम थांबू द्यायचे नाही असा नेम केला, की १६८ वेळा कोणीतरी वीणा गळ्यात घ्यावी लागते, आणि दर वेळी सोबत दोन-चार टाळकरी उभे राहावे लागतात. शंभर-सव्वाशे उंबऱ्यांच्या गावात हा हिशेब मांडून पाहा. एकही घर सुटत नाही. गोड गळ्याचा हवा, तसाच नुसता टाळ धरता येणाराही हवा. ज्याचे गावात कोणाशी पटत नाही तोही हवा, कारण पहाटे तीनचा तास त्याच्याशिवाय भरत नाही. सप्ताहाचा नेम ज्यांनी घातला त्यांनी गरज एवढी मोठी ठेवली की गावातल्या कोणालाही ‘तू नसलास तरी चालेल’ असे म्हणण्याची सोयच उरू नये.

आता त्या यादीचे दुसरे काम पाहा. समजा तीनचा पहारेकरी आला नाही. दोनचा माणूस वीणा खाली ठेवू शकत नाही. मग तो टाळकऱ्यांपैकी एकाला पाठवतो. तो कंदील किंवा बॅटरी घेऊन त्या घरापर्यंत जातो आणि कडी वाजवतो. ‘अहो तात्या, पहाऱ्याची वेळ झाली.’ बहुतेक वेळा तात्या डोळे चोळत बाहेर येतात. पण कधी दार उघडल्यावर कळते की तात्यांना दोन दिवस ताप आहे. कधी कळते की घरात भांडण होऊन कोणी जेवलेले नाही. कधी तात्या अंधारात एकटेच ओसरीवर बसलेले असतात आणि विचारल्यावर सोसायटीच्या कर्जाचे नाव निघते. पहाटे तीन वाजता दारात उभ्या असलेल्या माणसापाशी जे बोलले जाते ते दिवसा चावडीवर बोलले जात नाही. यादी नसती तर कडी वाजली नसती, आणि कडी वाजली नसती तर हे कोणालाच कळले नसते.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे: ज्याची उणीव भासते तोच आपला, आणि उणीव भासावी असे वाटत असेल तर आधी त्याच्या नावाने एक जागा नेमावी लागते. स्वागताची कमान, पोटभर जेवण, गर्दी, डोळ्यांत पाणी आणणारे कीर्तन हे सगळे चांगलेच आहे. पण यातले काहीही माणसाला समाजाचा घटक करत नाही. घटक करते ते नेमलेले काम, आणि ते काम चुकले तर चौकशीला येणारा दुसरा माणूस.

हे नवे तत्त्वज्ञान मी कुठून आणलेले नाही. आपल्या संतकथाच पाहा. पांडुरंग भक्तांच्या घरी आला तो कसा आला? पाहुणा म्हणून येऊन पाटावर बसून ताट वाढून घेतले काय? जनाबाईच्या घरी तो जात्याच्या खुंट्याला हात लावायला बसला. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी भरले. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरला पैसे भरायला गेला. आपल्या परंपरेने देवालासुद्धा घरातला म्हणून स्वीकारले ते त्याने अंगावर काम घेतल्यावर. मग माणसाला नुसत्या पंगतीवर आपले कसे करणार?

आणि आपण आज नेमके तेच करायला निघालो आहोत. आपण आमंत्रण देतो, काम देत नाही. जेवण आचाऱ्यावर, वाढप भाड्याच्या वाढप्यांवर, पहारा भाड्याच्या टाळकऱ्यांवर, व्यवस्था मंडपवाल्यावर. गावकऱ्याने काय करायचे? वर्गणी द्यायची, खुर्चीत बसून कीर्तन ऐकायचे, जेवायचे, घरी जायचे. मोठ्या बिदागीचे महाराज आले की मंडप भरतो. दुसऱ्या दिवशी साधे महाराज असले की निम्म्या खुर्च्या रिकाम्या. हे श्रोते आहेत, गिऱ्हाईक आहेत. सप्ताह यांचा नाही. गिऱ्हाईक चांगला माल जिथे मिळेल तिथे जातो, यात त्याचा दोष नाही. आपणच त्याला गिऱ्हाईक केले.

आषाढी वारीतल्या काही दिंड्यांचेही असेच होत चालले आहे. पूर्वी ‘तुमची दिंडी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माणसाचे कूळ असे. आता तोच प्रश्न ‘तुमच्या दिंडीत सोय कशी आहे?’ असा झाला आहे. भिशी किती, तंबूत माणसे किती, गादी मिळते का, आंघोळीला गरम पाणी आहे का, मोबाइल चार्जिंगची सोय आहे का. वयस्कर माणसांना सोयी हव्यात, त्याला कोण नाही म्हणेल? पण सोय विकत मिळाली की दिंडी चालवणारा मालक होतो आणि चालणारा प्रवासी. प्रवाशाला सहप्रवाशाचे नाव माहीत असण्याचे कारण नाही.

अशा एका दिंडीतली हकिकत आहे. कोणती दिंडी ते सांगत नाही, कारण ती कोणाचीही असू शकली असती. सत्तरीच्या एक माउली, पहिलीच वारी, गावची सोबतीण ऐन वेळी आजारी पडली म्हणून एकट्याच आलेल्या. दुपारच्या विसाव्याला झाडाखाली डोळा लागला आणि दिंडी पुढे निघून गेली. संध्याकाळी तळावर तंबू मोजले गेले, ताटे मोजली गेली, गॅसच्या टाक्या मोजल्या गेल्या. माणसे कोणी मोजली नाहीत. रात्री नऊला त्या दुसऱ्याच दिंडीतल्या बायांचा हात धरून तळावर आल्या, तेव्हा त्या हरवल्या होत्या हेच पहिल्यांदा कळले. त्या हसून म्हणाल्या, ‘पांडुरंगाने आणले.’ पांडुरंगाने आणले हे खरेच. पण आपण काय केले? पैसे भरल्याची पावती त्यांच्या पिशवीत होती. त्यांची जागा मात्र कुठल्याच ओळीत नव्हती.

खरी दिंडी कशी बांधलेली असते ते नीट पाहिले तर आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचे नवल वाटते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मग विणेकरी, मागे तुळस आणि हंडा घेतलेल्या बाया. प्रत्येकाला जागा आहे, आणि ती जागा रिकामी राहिली तर डोळ्याला दिसते. माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि मागे बाकीच्या; प्रत्येकीला क्रमांक आहे, क्रम ठरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. एवढी माणसे एका वाटेने चालवायची तर प्रत्येकाची जागा ठरलेली हवी, हे त्यांना ठाऊक होते.

आणि समाज आरती! ज्यांनी ती तळावर उभे राहून पाहिली असेल त्यांना वेगळे सांगायला नको. पालखी तळावर पोचते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि सारा तळ गप्प होतो. पण एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तर ती गप्प होत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात, मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवले-सापडले पुकारले जाते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते. क्रम ध्यानात घ्या. आधी तक्रार, मग हरवलेले, मग आरती. ज्याच्या मनात सल आहे त्याला दाबून आरती उरकायची नाही, आणि त्या सलाला रात्रभर कुजतही ठेवायचे नाही. आज किती संस्थांमध्ये, किती मंडळांमध्ये दुखावलेल्या माणसाला टाळ वाजवीत राहण्याची अशी मोकळीक आहे? आपल्याकडे दुखावलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही, आणि आपण म्हणतो, त्याचा भाव कमी पडला.

इथे पहिला पूर्वपक्ष उभा राहतो. ‘महाराज, वारकरी पंथ भावाचा आहे. याद्या, नेमणुका, हजेऱ्या हे सरकारी खात्याचे काम. भाव असला की प्रेम आपोआप येते.’ असे म्हणणारे बहुधा ते असतात ज्यांना स्वतःची जागा आधीच मिळालेली असते. विणेकऱ्याच्या शेजारी उभ्या असणाऱ्याला यादीची गरज वाटत नाही. मंडपाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या नव्या माणसाला विचारा. त्याच्या मनात भाव आहे, पण हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नाही. तो तीन दिवस येतो, चौथ्या दिवशी येत नाही, आणि तो आला नाही हेही कोणाच्या लक्षात येत नाही. भाव हे पाणी आहे. पाट काढलेला नसेल तर पाणी जवळच्याच उसाला मिळते, टोकाचे वावर कोरडे राहते. शिवाय नेम नको म्हणणाऱ्यांनी एक सांगावे: एकादशी नेमाची, माळ नेमाची, वारी नेमाची, हरिपाठ नेमाचा, मग फक्त माणसाची विचारपूसच तेवढी लहरीवर का सोडायची?

दुसरा पूर्वपक्ष गर्दीचा. ‘हजारो माणसे येतात. आचारी लावल्याशिवाय, कंत्राट दिल्याशिवाय कसे निभावणार?’ गोदाकाठच्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाकडे पाहा. तिथे लाखांनी माणूस जेवतो, आणि भाकरी गावोगावहून येते. एका एका घरात थापलेल्या थोड्या थोड्या भाकरी ट्रॉल्या भरून येतात. ज्या बाईने चुलीपुढे बसून वीस भाकरी थापल्या ती मंडपात आली नसली तरी सप्ताहात आहे. संख्या मोठी झाली म्हणून काम एका हातात द्यावेच लागते, हे खरे नाही. काम जितके मोठे तितके ते अधिक हातांत वाटता येते. कंत्राट दिले जाते ते निभावत नाही म्हणून नव्हे. माणसांना विचारायला जाण्याचा त्रास नको म्हणून. दोनशे घरी जाऊन ‘माई, तुमच्याकडे किती भाकरी?’ विचारण्यापेक्षा एका आचाऱ्याला फोन करणे सोपे. पण त्या दोनशे घरी जाण्यातच सप्ताह होता.

तिसरा पूर्वपक्ष सर्वांत वजनदार आहे, आणि त्याला बगल देणे हे पाप होईल. ‘तुमच्या जुन्या याद्यांत सगळ्यांची नावे होती काय? गावकुसाबाहेरच्यांची होती? बायकांची होती?’ नव्हती. आणि जिथे होती तिथेही सरसकट नव्हती. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींची जेवणे वेगळी होत होती, हे त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवले आहे. दिवसभर एका तालात पावले टाकायची आणि जेवताना वेगळे व्हायचे! ज्या पंढरीच्या वाळवंटात तुकोबांनी सारे अभिमान टाकून एकमेकांच्या पाया पडणारी माणसे पाहिली, त्याच पंढरीच्या मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. तेव्हा तनपुरे महाराजांनी त्यांना आपल्या मठात जागा दिली, हा आपल्या पंथाचा मोठेपणा. आणि उपोषणाची वेळ आली, ही आपल्या पंथाची लाज. दोन्ही गोष्टी एका श्वासात सांगितल्या पाहिजेत.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? यादीच फाडून टाकायची? ज्यांची नावे यादीत कधीच आली नव्हती त्यांना आज तुम्ही काय देता? खुर्ची आणि ताट. मंडपात कोणीही बसावे, पंगतीत कोणीही जेवावे, कोणी जात विचारत नाही, याची आपण फुशारकी मारतो. हॉटेलातही कोणी जात विचारत नाही. तिथली समता पैसे टाकणाऱ्याची असते, ती भावंडांची नसते. ज्या समाजाला शतकानुशतके वीणेपासून दूर ठेवले त्याच्या हातात वीणा देणे, रात्री दोनचा तास त्याच्या नावावर लावणे, आणि पहारा बदलताना गावच्या पाटलाने त्याच्या पायाला हात लावणे, ही वारकऱ्याची समता. बायकांचेही तेच. हंडा आणि तुळस डोक्यावर घेऊन अडीचशे किलोमीटर चालणारी बाई वीणेच्या पहाऱ्याला चालत नाही, हे कोणत्या संताने सांगितले? मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई ज्या पंथात संत आहेत त्या पंथात हा प्रश्न विचारावा लागणे हेच विचित्र. यादी उघडा. ती मिटवू नका.

चौथा पूर्वपक्ष काळाचा. ‘मुले पुण्या-मुंबईला आहेत, कामाच्या पाळ्या आहेत, वेळ कोणाला?’ गिरणगावातल्या कामगाराला कुठे वेळ होता? तोही पाळीवर जात होता, एका खोलीत दहा-पंधरा जणांनी राहत होता. तरी एकादशीचे भजन होत होते, गावाच्या नावाची मंडळे चालत होती, आणि कोणी आजारी पडला तर गावाकडे पोचवायला सोबत माणूस जात होता. कारण खोलीत प्रत्येकाची वळकटीची जागा ठरलेली होती आणि ती रात्री रिकामी दिसली की विचारणा होत होती. आज त्याच मुलांना आपण मोबाइलवरच्या गटात घालतो. पाचशे जण रोज सकाळी माउलींचे चित्र पाठवतात. त्यातला एक जण महिनाभर गप्प आहे हे कोणाच्या ध्यानात येते? वर्षातून एकदा, एक तास, त्याच्या नावाने पहारा लावा आणि कळवा: ‘शनिवारी रात्री अकरा ते बारा तुझा. तू नाही आलास तर तुझ्या म्हाताऱ्या वडिलांना उभे राहावे लागेल.’ तो येईल. मुलांना वेळ नाही यापेक्षा, त्यांच्यावाचून काही अडत नाही हे त्यांना कळून चुकले आहे, हे अधिक खरे.

आता सप्ताहापलीकडे, वारीपलीकडे येऊ. सात दिवस आणि वीस दिवस संपले की बाकीच्या वर्षाचे काय? इथे आपल्या पंथातली चोखोबांची कथा आठवावी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा खाली गाडले गेले. नामदेवराय तिकडे गेले. ढिगाऱ्यातली हाडे कानाला लावून, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येते ती चोखोबांची, असे म्हणत त्यांनी ती वेचली आणि महाद्वारापाशी समाधी दिली. या कथेतला चमत्कार आपण वर्षानुवर्षे सांगतो. मला त्यातले चालणे महत्त्वाचे वाटते. वेठीला लागलेला एक मजूर मेला. जगाच्या लेखी ती घटनाच नव्हती. पण पंढरीच्या वाळवंटात एक जागा रिकामी राहिली, ती नामदेवांना दिसली, आणि ते उठून चालू लागले. त्याच चोखोबांना मंदिराच्या आत जागा नव्हती आणि समाधीही बाहेरच आहे, हेही विसरू नये. देवळाच्या व्यवस्थेने त्यांना मोजले नाही. संतांच्या मेळ्याने मोजले. आपण यातले कोणते व्हायचे ते ठरवायचे आहे.

आपल्या गावांत आज माणसे कर्जाने, आजाराने, एकटेपणाने खचतात. काही जण टोकाला जातात. मग आपण दहाव्याला प्रवचन ठेवतो. तो माणूस सप्ताहात सातही दिवस जेवायला होता, आपण त्याला वाढले होते, तरी त्याच्या घरात काय चालले आहे ते कळले नाही. हे दुःख ज्याला बोचत नाही त्याने आपल्या मंडपाच्या लांबी-रुंदीची बढाई मारू नये.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. कडी वाजवणे वेगळे आणि खिडकीतून डोकावणे वेगळे. विचारपुशीच्या नावाखाली घरोघरच्या भानगडी गोळा करणारी मंडळेही असतात. त्यांच्यापेक्षा अनोळखी गर्दी बरी. ज्याने कडी वाजवली त्याने ऐकलेले ओठाबाहेर काढू नये. ज्याची भिशी माफ केली त्याचे नाव दोघांपलीकडे तिसऱ्याला कळू नये. आणि चुकलेल्याला सांगायची वेळ आली तर गोरोबाकाकांसारखे सांगावे. त्यांनी थापटी घेऊन सगळ्या संतांची मडकी तपासली आणि नामदेवांना तोंडावर कच्चे ठरवले. पण कच्चे मडके उकिरड्यावर फेकले गेले नाही. नामदेवांना विसोबांकडे जाण्याची वाट सापडली, आणि त्याच मेळ्यात ते पुढे सर्वांना घेऊन चालले. तोंडावर खरे बोलायचे आणि तरी हात सोडायचा नाही, हे ज्या मंडळाला जमते तेच टिकते. आपल्याकडे एक तर गोडगोड बोलतात, नाहीतर नावच काढून टाकतात.

म्हणून मागणे एवढेच आहे, आणि ते फार अवघड नाही. यंदाच्या सप्ताहात १६८ तासांची यादी नावानिशी करा आणि ती अन्नदात्यांच्या आधी छापा. भाड्याचा एकही पहारेकरी आणू नका. माणूस कमी पडला तर त्याच्या दारी जा. प्रत्येक जुन्या पहारेकऱ्याबरोबर एक नवा लावा. नवा म्हणजे पोर, सून, बदलून आलेला नोकरदार, ऊसतोडीला आलेल्या टोळीतला टाळकरी, ज्याला आजवर कोणी विचारले नाही असा कोणीही. पंगत आळीवार वाटून घ्या. आचाऱ्याची चव नसेल, पण मीठ कमी पडले तर कोणाचे ते माहीत असेल आणि हसायला विषय होईल. दिंडीत दहा-बारा जणांमागे एक माणूस नेमा, ज्याने सकाळी निघताना आणि रात्री निजताना तोंडे पाहून मोजणी करायची. कोणी आजारी पडून मागे राहिला तर त्याच्यासोबत कोण थांबणार हे आळंदीतून, देहूतून निघतानाच ठरवा. समाज आरतीला तक्रारीची जी मोकळीक आहे ती रोज रात्री आपल्या राहुटीतही द्या. काल्याच्या दिवशी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवा. आणि दर एकादशीच्या भजनाला हजेरीची वही ठेवा. सलग दोन एकादश्या जो दिसला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी दोघांनी जावे. काही विचारायचे नाही. बसायचे, चहा घ्यायचा, ‘तुमच्यावाचून चाल बसत नव्हती’ म्हणायचे. बोलायचे असेल तर तो बोलेल.

एवढे केल्याने मंडप कदाचित लहान होईल. मोठ्या बिदागीचे कीर्तनकार कदाचित येणार नाहीत. थेट प्रक्षेपण पाहणारे कमी होतील. होऊ द्या. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वात्मक देवाकडे जे मागणे मागितले त्यात प्राणिमात्रांची परस्परांशी मैत्री आहे. मोठ्या मंडपाचा तिथे उल्लेख नाही. आणि मैत्री समस्तांशी होत नसते. ती एका तासाला, एका नावाशी होते. वीणा आपल्या गळ्यातून काढून समोरच्याच्या गळ्यात घालताना, त्याच्या पायाला हात लावताना, त्याचा हात आपल्या पायाकडे येताना.

पत्रिका छापायला जाण्याआधी एवढी एक ओळ खोडा, आणि तिथे नावे लिहा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.